दुसरा बोली लावणारा: कल्याणच्या एका घड्याळजीच्या ऑनलाइन लिलावाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसभावाचं आणि त्याच्या वडिलांचं आहे. मी अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा सगळा हिशेब माझ्याच वहीत आहे. तीन वर्षं हे सगळं अगदी जवळून बघितलंय म्हणून लिहितेय, दोघांना विचारूनच लिहितेय, फक्त आमची नावं टाकू नकोस एवढं म्हणाले.

काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, कल्याणला घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. अडतीस वर्षं एकाच गाळ्यात. २०२२ मध्ये बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, काकांचं वय तेव्हा ६८, आणि नवीन गाळा भाड्याने घेऊन परत सुरू करावं असं घरात कोणालाच वाटत नव्हतं. दुकान आवरलं तेव्हा पत्र्याचे सात डबे भरून मनगटी घड्याळं निघाली, मोजली तर १६६. त्यातल्या २६ घड्याळांना जुन्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या, म्हणजे गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकली आणि परत न्यायला आलाच नाही. काकांनी ती पहिल्यांदा बाजूला काढली, "ही आपली नाहीत" म्हणाले, आणि त्यावर पुढे चर्चा झाली नाही. उरली १४०, बहुतेक एचएमटी, थोडी फेव्हर ल्यूबा वगैरे. एका जुन्या वस्तूवाल्याने सगळ्याचे मिळून वीस हजार देतो म्हणून सांगितलं.

भाऊ तेव्हा नोकरी सोडून मोकळाच होता. त्याने रात्रभर बसून ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर बघितलं की एचएमटीची घड्याळं बाहेरचे लोक बोली लावून घेतायत, आणि सकाळी मला फोन, "ताई, वीस हजारांना द्यायची नाहीत."

एचएमटी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको खरं तर. दहावी पास झाल्यावर मिळालेलं, लग्नात सासरकडून आलेलं, रिटायर होताना ऑफिसने दिलेलं घड्याळ, ते एचएमटीच असायचं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला कारखाना सुरू झाला, पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबागला झाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही चावीवाली मॉडेल्स, रोज सकाळी चावी द्यायची. २०१६ मध्ये सरकारने घड्याळाचा विभाग बंद करायला मंजुरी दिली आणि नवीन घड्याळं मिळणार नाहीत म्हटल्यावर जुन्यांची मागणी वाढली. मशीन साधं, १७ ज्वेलचं (म्हणजे झीज होऊ नये म्हणून आत बसवलेले बारीक खडे), दणकट, आणि स्विस जुन्या घड्याळांच्या मानाने फार स्वस्त, त्यामुळे इंग्लंड-अमेरिका-जर्मनीत ज्याला चावीच्या घड्याळांचा नाद नुकताच लागलाय तो एचएमटीकडे वळतो.

आता ईबेच का, तर भारतातल्या भारतात लिलावाने विकायची सवय आपल्याकडे रुजलीच नाही. मुंबईची बाझी डॉट कॉम होती, २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली, पुढे ती ईबे इंडिया झाली, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती साइट बंद झाली. त्यामुळे इथून विकायचं तर बाहेरच्या गिऱ्हाइकाला, म्हणजेच एक्स्पोर्ट. माझं क्षेत्र असल्यामुळे कागदपत्रं मी केली: डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापाराच्या खात्याकडून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर (फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी, नाहीतर डिॲक्टिव्हेट होतो, हे भलेभले विसरतात), जीएसटी, एलयूटी (कर न भरता निर्यात करता यावी म्हणून द्यायचं हमीपत्र), पैसे यायला पेओनीरचं खातं. याला तीन आठवडे लागले. अवघड काही नाही, चिकाटी लागते.

पहिला लॉट नोव्हेंबर २०२२ मध्ये लावला. दहा घड्याळं. काकांनी मन लावून तयार केली, त्यांना वाटलं परदेशात जाणार म्हणजे नव्यासारखी दिसली पाहिजेत, म्हणून ओळखीच्या माणसाकडून डायल नवीन रंगवून आणले, निळे, नारिंगी, एक तर चक्क तिरंगी, केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, पॉलिश केली, नवीन काच, नवीन पट्टा. भावाने कुठेतरी वाचलं होतं की सुरुवात ९९ सेंट्सपासून करायची म्हणजे लोक बोली लावायला धावतात, आणि पोस्टेज फ्री ठेवायचं. सात दिवसांचा लिलाव, दहाच्या दहा एकदम लावली.

दहातली नऊ गेली. दोन घड्याळं एकेका बोलीवर, ९९ सेंट्सला. सगळ्यात जास्त १४ डॉलर. निळ्या डायलचं एक साडेआठ डॉलरला गेलं, त्याचा हिशेब मी तेव्हाच लिहून ठेवला होता तो असा: तेव्हाच्या भावाने साधारण ६९७ रुपये झाले, त्यातून साइटचं कमिशन तेरा टक्के म्हणजे ९१, प्रत्येक ऑर्डरमागे वेगळे २५, रुपयांत आणताना आणखी १२, हातात ५६९. पोस्टेज, डबी, बबल रॅप धरून ६१० गेले. डायल-काच-पट्ट्याचे ४०० वेगळे, आणि घड्याळाचे स्वतःचे निदान तीनशे तरी धरायला नकोत का. म्हणजे एका घड्याळामागे साडेसातशेच्या आसपास खड्डा, आणि नऊ मिळून सात हजारांच्या वर. नवीन माणसाने एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवावी, कमिशन नुसत्या किमतीवर नसतं, गिऱ्हाईक पोस्टेजचे जे पैसे देतो ते धरून एकूण रकमेवर असतं.

पण नुकसानीपेक्षा जास्त लागलं ते नवव्या गिऱ्हाइकाचं पत्र. जर्मनीतला माणूस. भाषा अगदी सभ्य. घड्याळ चांगलं चालतंय, पण हे डायल कारखान्यातलं नाही, नंतर रंगवलेलं आहे, आणि ते तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून पैसे परत हवेत. शेवटी त्याने एक शब्द वापरला होता जो आम्हाला कोणालाच माहीत नव्हता, मुंबई स्पेशल.

भावाने शोधलं तेव्हा कळलं की जगभरच्या घड्याळवाल्यांत हा रूढ शब्द आहे. भारतातून येणारी, रंगवलेल्या भडक डायलची, इकडचं मशीन तिकडची केस अशी जुळवलेली जुनी घड्याळं म्हणजे मुंबई स्पेशल. नवीन माणसाला जाणकार पहिला सल्ला हाच देतात की भारतातून येणाऱ्या चकचकीत जुन्या घड्याळापासून लांब राहा.

काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाले, "अगं, आमच्याकडे यायचा त्या माणसाला घड्याळ नव्यासारखंच पाहिजे असायचं. मुलीच्या लग्नात जावयाला द्यायचंय, डायल काळवंडलंय, काय करणार? रंगवून द्यायचो. यात फसवणूक कुठे आली?" आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. इथल्या दुरुस्तीच्या धंद्यात डायल रंगवणं हे भिंतीला रंग देण्याइतकं साधं काम, चांगला कारागीर ते अभिमानाने करायचा. पण जर्मनीतल्या त्या माणसाला घड्याळ मिरवायला नकोच होतं, त्याला १९७० च्या दशकात कारखान्यातून जे बाहेर पडलं तेच हवं होतं, डागासकट. मला वाटतं या अख्ख्या प्रकरणातला अवघड भाग हाच होता, बाकी सगळं शिकता येतं. चाळीस वर्षं ज्याला आपण चांगलं काम म्हणत आलो तेच समोरच्याला दोष वाटतो हे पचवायला माणसाला वेळ लागतो, आणि काकांनी तो घेतला. पैसे पूर्ण परत केले, घड्याळ परत मागवणं त्याच्या किमतीपेक्षा महाग पडलं असतं म्हणून त्यालाच ठेवायला सांगितलं.

मग डिसेंबरभर काहीही विकलं नाही. भाऊ रोज दोन तास फक्त विकून झालेले लिलाव बघायचा. साइटवर विकलेल्या वस्तू वेगळ्या काढून बघता येतात, सेलरला रिसर्चचं टूल फुकट मिळतं, आणि प्रत्येक लिलावाचा बोलीचा इतिहासही दिसतो, नावं झाकलेली असतात पण किती वेगवेगळ्या माणसांनी बोली लावली ते कळतं. त्याने वहीत तीनच रकाने केले: डायल मूळ की रंगवलेलं, बोली लावणारी वेगळी माणसं किती, शेवटची किंमत. तिसऱ्या आठवड्यात मला वही दाखवली तेव्हा मला जे दिसलं ते सांगायलाच खरं तर मी हे लिहायला घेतलंय.

ऑनलाइन लिलावात तुम्ही तुमचा वरचा आकडा टाकून ठेवता, तो कोणाला दिसत नाही, आणि सिस्टिम तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. म्हणजे समजा एकाने पायलटसाठी ४० डॉलरपर्यंत जायचं ठरवलंय आणि दुसरा २२ पर्यंतच जाणार आहे, तर घड्याळ साडेबावीस डॉलरला जातं, ४० ला नाही. आता यात आणखी एकच माणूस आला जो ३८ पर्यंत जायला तयार आहे, तर तेच घड्याळ त्याच पहिल्या माणसाला ३९ ला जातं. घेणारा तोच. घड्याळ तेच. फक्त दुसरा कोण होता ते बदललं आणि किंमत पावणेदोन पट झाली.

लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीपुढे उभं राहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, समोर दोनच व्यापारी उभे असतील तर माल कितीही चांगला असो भाव पडणार हे त्याला माहीत असतं. पण ऑनलाइनला आल्यावर आपण सगळे एक चांगलं गिऱ्हाईक शोधत बसतो. दुकानात एक चांगलं गिऱ्हाईक पुरतं, लिलावात पुरत नाही, तिथे तुमची किंमत जो हरतो तो ठरवतो.

गंमत वाटावी अशी एक गोष्ट, ही पद्धत कंप्युटरने आणलेली नाहीये. स्टॅम्प विकणाऱ्यांनी आणली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टन गावात १८९३ मध्ये पोस्टाने बोली मागवणाऱ्या तिकीटविक्रेत्यांनी जाहीर केलं होतं की सगळ्यात मोठी बोली जिंकणार पण पैसे दुसऱ्या बोलीच्या हिशेबाने घेणार, कारण लांबून बोली लावणाऱ्याला आपण जास्तच लिहिलं की काय अशी भीती वाटू नये. अर्थशास्त्रात विल्यम विकरीने याची मांडणी केली ती १९६१ मध्ये, आणि त्यांना नोबेल मिळालं १९९६ मध्ये. योगायोग असा की पिएर ओमिदयारने ईबेची पहिली आवृत्ती सुरू केली ती त्याच्या आदल्याच वर्षी, १९९५ मध्ये.

तर भावाच्या वहीत स्पष्ट दिसत होतं. रंगवलेल्या डायलवर बोली लावणारी माणसं एक किंवा दोन, कधीतरी तीन. मूळ डायल, मशीनचे फोटो, लिहिलेले दोष, तिथे पाच, सहा, आठ. पहिलं गिऱ्हाईक दोन्हीकडे असतंच, कोणालातरी निळा रंग आवडतोच. पण दुसरं आणि तिसरं विश्वास ठेवायला कारण दिल्याशिवाय येत नाही.

इथे एक प्रसंग घडला तो लपवणार नाही. जानेवारीत परत सुरू केलं, एक चांगलं कोहिनूर लावलं आणि सहाव्या दिवशी किंमत ३ डॉलर. काका कासावीस. भावाचा एक मित्र म्हणाला, दे मला लिंक, मी दुसऱ्या अकाउंटवरून वीसपर्यंत चढवतो, सगळे करतात. भाऊ त्या संध्याकाळी डळमळला होता, मला फोन केला. मी त्याला सांगितलं की हा खोटा दुसरा माणूस आहे, आणि आपला सगळा धंदा खऱ्या दुसऱ्या माणसावर उभा करायचा ठरवलाय ना. साइटच्या नियमात हे बसत नाहीच, पकडलं की अकाउंट जातं, पण त्याच्याही पलीकडे, अमेरिकेत यावरून फौजदारी केस झालेली आहे. २००० मध्ये एका पेंटिंगवर २५ सेंट्सपासून सुरू झालेली बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरपर्यंत गेली, मोठ्या चित्रकाराचं असावं असा भास निर्माण केला होता, नंतर कळलं की विकणारा आणि त्याचे साथीदार खोट्या अकाउंटवरून एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावत होते, आणि पुढच्या वर्षी आरोप दाखल झाले. भावाने मित्राला नाही सांगितलं. कोहिनूर शेवटच्या दीड मिनिटात ३ वरून १९ डॉलरवर गेलं.

हे शेवटच्या मिनिटाचं आधी माहीत असतं तर काकांची ती रात्र शांत गेली असती. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो, म्हणून मुरलेले लोक आपला आकडा शेवटपर्यंत बाहेर काढतच नाहीत. पूर्वी अमेझॉनवरही लिलाव होते आणि तिथे शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटं वाढायची. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही साइट्स ताडून दाखवलं की वेळ वाढत असेल तिथे शेवटच्या क्षणाची झुंबड खूप कमी होते. म्हणजे सहाव्या दिवशीच्या किमतीवरून जीव जाळायचा नाही, किती जणांनी वस्तू वॉचलिस्टला, म्हणजे नजर ठेवायच्या यादीत, टाकलीय ते बघायचं. आणि लिलाव संपायची वेळ गिऱ्हाइकाच्या सोयीची ठेवायची. आमची वेळ ठरली रविवारी रात्री नऊ, न्यूयॉर्कचे नऊ, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा. काका चहा घेऊन भावाच्या शेजारी बसायचे.

कामाची पद्धत पार बदलली. डायलला हात लावायचा नाही, हा पहिला नियम, आणि तो काकांनी स्वतः घातला. घड्याळ पूर्ण उघडायचं, धुवायचं, तेल, स्प्रिंग गेली असेल तर नवीन, काच फारच खराब असेल तरच बदलायची. टाइमग्राफर मशीन घेतलं बारा हजारांचं, घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढेमागे जातं ते त्यावर दिसतं, त्याच्या स्क्रीनचा फोटो प्रत्येक लिलावात. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो, त्यावरचा नंबर वाचता आला पाहिजे. झाकणाच्या आतून, काचेच्या कडेने, चावीचा, काट्यांच्या टोकांचा फोटो.

वर्णनात आधी दोष लिहायचे, मग बाकीचं. चारच्या आकड्याजवळ ओरखडा आहे, चावी मूळ नाही, काच आम्ही बदलली, पट्टा नवीन आणि साधा आहे. भावाला सुरुवातीला धास्ती वाटायची की एवढं वाचून कोण घेईल. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, मुंबई स्पेशलची शंका गिऱ्हाईक मनात घेऊनच येणार, ती त्याने विचारायच्या आधी आपणच उलगडलेली बरी. ज्या घड्याळांचे डायल आधीच कोणीतरी रंगवलेले होते ती विकलीच नाहीत असं नाही, पण शीर्षकातच रीडायल, म्हणजे डायल नंतर रंगवलेलं, असं लिहून, ठरलेल्या कमी किमतीला, लिलावात नाही. शीर्षकाला ऐंशी अक्षरं मिळतात, त्यात सुंदर, दुर्मिळ असले शब्द भरण्यापेक्षा मॉडेल, मशीनचा नंबर, चावीवालं, मूळ डायल एवढंच लिहायचं, कारण शोधणारा तेच टाइप करतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एक काळ्या डायलचं पायलट लावलं. पायलटच्या नकली काळ्या डायलचा बाजारात सुळसुळाट आहे, त्यामुळे मूळ डायलला किंमत. या घड्याळाचे आकडे पिवळे पडलेले, काट्यांवरचा चमकणारा रंग उडालेला, केसवर ओरखडे. काकांनी ते भंगारच्या डब्यात टाकलं होतं, पार्टसाठी. भावाने काढून विचारलं तर म्हणाले, "मूळ आहे रे, पण घेणार कोण?" १४ बोल्या आल्या, सहा वेगवेगळी माणसं, ६१ डॉलर. काकांनी त्या सकाळी बोलीचा इतिहास स्वतः वाचला, दुसरा माणूस ६० पर्यंत गेला होता. तेव्हापासून घरात घड्याळ विकलं गेलं की काकांचा पहिला प्रश्न, दुसरा कितीला थांबला?

सगळंच लिलावाला लावायचं नाही हेही वर्षभरात समजलं. साधं जनता किंवा सोना किती जातं हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे ठरलेली किंमत लावलेली बरी, महिनाभर राहिलं तरी चालेल. लिलाव अशा वस्तूसाठी जिची किंमत तुम्हालाच माहीत नाही: मूळ काळा पायलट, अंध व्यक्तींसाठी काढलेलं ब्रेलचं घड्याळ ज्याची काच उघडून काटे हाताने चाचपता येतात, किंवा देवनागरी आकड्यांचं डायल. आणि एकदम दहा लावायची नाहीत. सारखी दोन घड्याळं एकाच वेळी लिलावात असली की तुम्हीच तुमच्या दुसऱ्या बोली लावणाऱ्याला तिकडे पाठवता, हे पहिल्या लॉटमध्ये आम्ही केलंच होतं. ९९ सेंट्सची सुरुवातही जिथे निदान चार-पाच जण येणार याची खात्री आहे तिथेच ठेवली, नाहीतर जितका खर्च तितकी सुरुवात. सेलची घड्याळं घेतलीच नाहीत, विमानाने जाणाऱ्या पार्सलला बॅटरीची कटकट असते.

फीडबॅकचं एक सांगते, विकणाऱ्याला गिऱ्हाइकाविरुद्ध निगेटिव्ह शेरा देता येत नाही, २००८ पासूनच तसा नियम आहे. नवीन लोक यावर फार चिडतात. मला तो नियम बरोबर वाटतो. गिऱ्हाईक भीतीशिवाय खरं लिहू शकतो म्हणूनच त्याने लिहिलेलं चांगलं पुढच्या माणसाला खरं वाटतं.

२०२५ च्या मध्यापर्यंत महिन्याला अठरा-वीस घड्याळं जात होती, सरासरी ३८ डॉलरला. घड्याळ विकत घ्यायचे साधारण सहाशे, पार्ट्सचे दोनशे, टपालाचे साडेसातशे, कमिशन आणि पैसे आणायचा खर्च मिळून पाचशे, असं सगळं जाऊन एका घड्याळामागे अकराशेच्या आसपास सुटायचे. म्हणजे महिन्याला वीस-बावीस हजार. घरबसल्या लाखो वगैरे नाही. काकांच्या हाताला काम आणि भावाला एक धंदा, एवढं मात्र नक्की.

मग ऑगस्ट आला. ३० जुलै २०२५ च्या आदेशाने अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटीमाफी काढून टाकली, लागू होणार २९ ऑगस्टपासून. ड्युटी कोणी गोळा करायची आणि कशी भरायची याची व्यवस्थाच ठरलेली नव्हती, विमान कंपन्या टपाल न्यायला तयार होईनात, म्हणून २३ तारखेला, शनिवारी, आपल्या टपाल खात्याने जाहीर केलं की पत्रं, कागदपत्रं आणि छोट्या भेटवस्तू सोडून अमेरिकेचं टपाल २५ ऑगस्टपासून स्वीकारणार नाहीत. नंतर तेही थांबलं. आमचे बारा लिलाव चालू होते आणि ते संपणार होते २५ तारखेलाच, सोमवारी सकाळी साडेसहाला.

शनिवार रात्री आम्ही तिघं बसलो. लिलाव मध्येच रद्द करता येतात, पण बोली लावलेल्या लोकांना काय वाटेल. भावाचं म्हणणं पडलं की चालू द्यावेत पण सगळ्यांना आधी सांगावं, मग वर्णनात भर टाकली की अमेरिकेत पाठवायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. बारापैकी सात तरीही अमेरिकेतच गेली. प्रत्येकाला वेगळा मेसेज केला, पैसे लगेच परत हवेत की थांबणार? तिघांनी पैसे परत घेतले. चौघं थांबले, त्यातल्या एकाने लिहिलं की काकांना घाई करू नका म्हणावं. (प्रत्येक पार्सलमध्ये काकांच्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी जाते, काय काय दुरुस्त केलं त्याची, म्हणून लोक त्यांना ओळखतात.) १५ ऑक्टोबरला टपाल परत सुरू झालं, ड्युटी इथेच बुकिंगला भरायची होती, तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के. चार घड्याळांची मिळून साडेसहा हजारांच्या वर झाली. ती आम्ही भरली, गिऱ्हाइकांकडून घेतली नाही, कारण लिलाव झाला तेव्हा ती ठरलेली नव्हती. मी हिशेबाची माणूस असूनही मला तो खर्च चुकीचा वाटला नाही.

मधल्या काळात अमेरिका बंद ठेवून विकलं. सप्टेंबरमध्ये एक पायलट लावलं, मूळ डायल, अवस्था फेब्रुवारी २०२३ वाल्यापेक्षा थोडी चांगलीच. २९ डॉलरला गेलं. बोली लावणारी माणसं तीन. घेणारा इंग्लंडमधला जुना गिऱ्हाईक, आणि त्याने नंतर स्वतःहून कळवलं की मी ७० पर्यंत जाणार होतो. काका ते वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पहिला होता. दुसरा टपालात अडकला."

आता लिलाव दहा दिवसांचे ठेवतात, संपायची वेळ लंडनच्या रविवारची रात्र, आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाते. ऑस्ट्रेलिया आणि जपानचे लोक हळूहळू येतायत. अमेरिकेला ड्युटी किमतीत धरून, फक्त महागातली पाठवतात. महिन्याला बारा-तेरा घड्याळं, सुटतात तेरा-चौदा हजार.

मोठी अडचण मात्र वेगळीच आहे, मूळ डायल मिळतच नाहीत. मुंबई-ठाणे-पुण्यातली बहुतेक घड्याळं कधी ना कधी रंगवून झालेली आहेत. काकांचं म्हणणं, जिथे रंगवून देणारा जवळ नव्हता तिथे डायल वाचले असतील, कोकणात, कोल्हापूरच्या वरच्या गावांत, तिथल्या म्हाताऱ्या घड्याळजींच्या डब्यांत. गेल्या महिन्यात दोघं जण संगमेश्वर-देवरूखकडे जाऊन आले, अकरा घड्याळं आणली, त्यातली सात मूळ. काकांचा उजवा हात आता थोडा थरथरतो, बॅलन्स, म्हणजे आतलं मागेपुढे डोलणारं नाजूक चाक, बसवायचं काम भाऊ शिकतोय, तीन बॅलन्स मोडले, चौथा बसला. आणि त्या २६ घड्याळांचा डबा अजून तसाच आहे, चिठ्ठ्यांसकट, काकांच्या कपाटात. महिन्यातून एकदा ते सगळ्यांना चावी देतात.